पान उघडणाऱ्यानं काय करावं

आबा गिऱ्हाइकाच्या पायात नवे बूट चढवायचे, नाड्या स्वतःच्या हातानं बांधायचे आणि मग भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. "चाला," एवढंच म्हणायचे.

गिऱ्हाईक दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. जमीन लाकडी फळ्यांची होती आणि मुद्दाम उघडी ठेवलेली. सून घरात नवी असताना तिनं एकदा सतरंजी टाकू का म्हणून विचारलं होतं, तेव्हा आबा हसले होते. "टाक की. मग मी बहिरा होतो आणि घरी बसतो." दोन्ही पावलांचा आवाज सारखा आला की ते वळून "झालं" म्हणायचे. नाही आला तर "काढा". बघायचे मात्र कधीच नाहीत. कुणी बघत असलं की पाय लाजतात आणि लाजलेले पाय खोटं चालतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्याकडे येणारी माणसंच अशी होती की ज्यांना बाजारातली जोडी चालत नसे. कुणाचा एक पाय दोन बोटं आखूड, कुणाचा घोटा आत वळलेला, कुणाची बोटं अपघातात गेलेली. प्रत्येकाच्या पायांचे आबा लाकडी फर्मे करायचे, म्हणजे त्या पायाच्या हुबेहूब आकाराचे ठोकळे, आणि त्यांच्यावर कातडं ताणून बूट शिवायचे. भिंतभर फळ्यांवर ते फर्मे जोडीजोडीनं मांडलेले असत, टाचेवर शाईनं मालकाची खूण: पोस्टमन, मोठ्या शाळेच्या बाई, बेकरीवाला, जुळ्यांची आई. त्या दुकानात कुणालाही 'होणार नाही' म्हणून सांगायची पद्धत नव्हती. 'बसा', 'बघू', 'पाय दाखवा', यापुढे बोलणं जायचंच नाही.

मागच्या थंडीत आबा आजारी पडले. त्यातून उठले, पण उजवा हात पहिल्यासारखा राहिला नाही. तो थरथरायला लागला. सून त्यांचा चहा अर्धाच कप ओतायला लागली. मुलगा त्यांच्या शर्टाची बटणं बोलता बोलता लावून द्यायला लागला, जणू दोघं उभ्या उभ्या गप्पाच मारताहेत. हाताविषयी मात्र घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. आबांनीही नाही. आजारपणानंतर त्यांनी एकही जोडी पुरी केली नव्हती, पण ते रोज दुकानात यायचे, एप्रन बांधायचे आणि हत्यारं पुसून जागच्या जागी ठेवायचे.

"गिऱ्हाईक नाही म्हणून हात बसलाय त्यांचा," एकदा मुलगा बायकोला म्हणाला. "काम आलं की हात येईल. तू बघ."

ती बघत होती. रोज सकाळी दुकान उघडलं की शिलाई मशीनच्या वरच्या कोनाड्यात ती दिवा लावायची. तो लागेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही असा तिचा नेम होता. दिव्यापुढे डोळे मिटून ती थोडा वेळ उभी राहायची. काय मागायचं ते ठरलेलं होतं, पण शब्दांत तिनं ते कधी मांडलं नव्हतं. ज्याच्यापुढे उभी होती त्याला सगळं दिसतच होतं, वर आणखी काय सांगायचं.

मग मुलानं एक दिवस आपला लॅपटॉप दुकानात आणून ठेवला. त्यात एक सहायक होता. आपण लिहून सांगायचं आणि त्यानं वेबसाइट करून द्यायची.

"अहो, मला कुठं येतंय हे," सून म्हणाली.

"अगं, यायचं काय त्यात? सांगायचं. प्रॉम्प्ट म्हणतात त्याला."

"म्हणजे?"

"म्हणजे सांगणंच."

तो ऑफिसला गेल्यावर तिनं लिहिलं, "बुटांच्या दुकानाची सुंदर वेबसाइट बनव." एवढंच. बघता बघता पडद्यावर चकचकीत पान आलं. त्यावर उंच टाचांचे लाल बूट होते, पळणारी एक मुलगी होती आणि 'आजच खरेदी करा' असं होतं.

पोस्टमन तेव्हा दुकानातच बसला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सगळे त्याला पोस्टमनच म्हणायचे. त्याचा डावा पाय जन्मापासून आखूड होता आणि आयुष्यभराचं टपालवाटप त्यानं आबांच्या बुटांत केलं होतं. त्यानं चष्मा वर करून पान पाहिलं.

"आबा, ही पळणारी कोण? तुझी कोण लागते?"

"मला काय विचारतोस," आबा म्हणाले. "एवढ्या वेगात गेली, ओळख व्हायची राहिली."

सुनेलाही हसू आलं. संध्याकाळी नवऱ्यानं पान बघितलं आणि तोही हसला, पण मग नीट बसला. "त्याला आपलं दुकान कुठं माहितेय? कधी गावात न आलेल्या माणसाला फोनवरून घराचा रस्ता सांगतेस ना, तसं सांग. कोण येणार, कशासाठी येणार, आल्यावर त्यानं काय करावं. काय हवं ते सांग, काय नको तेही सांग. आणि सगळं एका दमात बदलायला लावू नकोस. एक झालं की दुसरं."

दुसऱ्या दिवशी दिवा लागल्यावर ती पुन्हा बसली. या वेळी तिनं सावकाश लिहिलं. ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत अशा माणसांसाठी हे पान आहे. त्यांतले बरेच वयस्कर आहेत, तेव्हा अक्षरं मोठी हवीत. पळणाऱ्या माणसांचे फोटो नकोत, आमच्याकडे येणाऱ्याला ते बघून वाईट वाटेल. रंग जुन्या लाकडाचा हवा. फोन नंबर सगळ्यांत वर. पान आलं आणि ते खरंच शांत होतं. मग तिनं एकेक सुधारलं. 'अपंगांसाठी पादत्राणे' असा मथळा त्यानं दिला होता, तो तिनं काढायला लावला. "माणसाला नाव ठेवू नकोस, बुटाविषयी बोल," असं तिनं लिहिलं, आणि नवा मथळा आला: 'पाय सारखे नसले तरी चाल सारखी.' तो आबांना वाचून दाखवला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "पुन्हा वाच गं ते."

सहायक अधूनमधून प्रश्नही विचारायचा. "पान उघडणाऱ्यानं काय करावं अशी तुमची इच्छा आहे?" तिनं उत्तर दिलं, "दुकानात यावं. आबा स्वतः माप घेतात, स्वतः फर्मा करतात, स्वतः शिवतात." मग त्यानं विचारलं, "पाहणाऱ्याला आधीच कळायला हवी अशी एखादी अडचण किंवा मर्यादा आहे का?"

ती त्या ओळीकडे बघत राहिली. पलीकडे आबा टेबलाशी बसून रापी पुसत होते. कातडं तासायची ती रुंद पात्याची सुरी त्यांच्या हातात बारीक बारीक हलत होती आणि पात्यावरचा उजेड भिंतीवर नाचत होता. तिनं ती जागा मोकळी सोडली. सहायकानं पुन्हा विचारलं नाही. त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढ्यावर त्यानं पान पुरं केलं आणि खाली एक बटण दिलं: 'मापाची वेळ ठरवा.'

ते बटण औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीनं दाबलं.

ती येणार त्या दिवशी आबांनी धुतलेला एप्रन मागितला. दाढी मुलाकडून करून घेतली. मुलगी लांबून आली होती, दोन बस बदलून. हसरी होती, एक पाय जरा आखूड. खुर्चीत बसून तिनं मोजे काढले आणि आबा तिच्यापुढे कागद पसरून गुडघ्यावर बसले.

"काम उभ्यानं की बसून, ताई?"

"उभ्यानं. खुर्ची आहे तशी, पण ती मालकाच्या आईची."

"मग मालकाची आई उठते कधी?"

"पूर्वी जेवायला उठायच्या. हल्ली डबा तिथंच मागवतात."

आबा मोठ्यानं हसले. किती दिवसांनी ते असं हसले, म्हणून सून आतून बाहेर आली. आबांनी पेन्सिल घेतली, तिच्या पायाच्या कडेला टेकवली आणि रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ सरळ गेली नाही. टाचेशी वळताना ती कागदावर थरथरत गेली, आत शिरली, बाहेर आली.

"काका, माझ्या पायाला एवढी वळणं आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," मुलगी म्हणाली.

आबांनी मान वर केली नाही. "पाय हलवू नका, ताई."

पाय हलला नव्हता. मुलीनं एकदा त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःचा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरला. "चुकलं माझं," ती म्हणाली. "आता नाही हलणार."

त्यानंतर आबा आतल्या खोलीचं दार लावून काम करायला लागले. पूर्वी त्यांची हातोडी एका लयीत चालायची, रस्त्यावरच्या लोकांना तिच्यावरून दुकान उघडं आहे की नाही ते कळायचं. आता एक ठोका पडायचा आणि बराच वेळ काही नाही. सून न विचारता मेणाचे दोरे सुयांमध्ये ओवून टेबलावर ठेवायची. आबा ते घ्यायचे. कचऱ्याच्या डब्यात तिला कातड्याचे तुकडे सापडायचे, जिथं नको तिथं कापलेले, आणि ती त्यांच्यावर जुनं वर्तमानपत्र घालायची.

"कसं चाललंय?" नवरा विचारायचा.

"चाललंय."

"म्हटलं होतं ना मी तुला. काम आलं की."

ती दिव्यापुढे जरा जास्त वेळ उभी राहायला लागली.

बूट झाले. दिसायला वाईट नव्हते. मुलगी आली, आबांनी बूट तिच्या पायात चढवले. नाड्या बांधायला त्यांना वेळ लागला. ती छताकडे बघत, बसला किती गर्दी होती ते सांगत राहिली. मग आबा उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"चाला."

ती चालली. सुनेलाही आवाज कळला. एक पाऊल पुरतं पडत होतं, दुसरं पडायच्या आधी फळीवरून किंचित घासत होतं. मुलगी त्या टोकाला पोचली, वळली.

"छान आहेत, काका. इतके हलके बूट मी कधी घातलेच नाहीत."

"पुन्हा."

ती पुन्हा चालली. या वेळी ती आखूड पाय मुद्दाम जोरानं टेकवत होती, आवाज सारखा यावा म्हणून. ओठ दाबून, एकेक पाऊल सांभाळत. आबा भिंतीकडे बघत होते.

"ताई," ते हळू म्हणाले, "जोर देऊ नका. दुखेल तुम्हाला."

"नाही हो, काका. सवय झाली की…"

"काढा."

तिनं बूट काढले. आबा बराच वेळ वळले नाहीत. वळले तेव्हा त्यांनी तिला लांबून यायला लावल्याबद्दल माफी मागितली. ती "असं काय बोलता" म्हणत राहिली, जाताना सुनेचा हात दाबून गेली, आणि तिच्या जुन्या बुटांचा लंगडता आवाज पायऱ्यांवरून उतरून गेला.

"सूनबाई, त्या पानावर काय लिहिलंय? वाच जरा."

तिनं वाचलं. 'आबा स्वतः माप घेतात, स्वतः फर्मा करतात, स्वतः शिवतात.'

"हे त्याला कुणी सांगितलं?"

"मी."

"आणि हाताचं?"

"ते मी लिहिलं नाही, आबा. मला वाटलं…"

"मग त्याला कसं कळणार? त्याला काय दिसतंय का?" आबांच्या आवाजात राग नव्हता. ते तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले. "तुला नाही बोलत मी. घरात कुणीच नाही बोललो आपण. मीसुद्धा नाही. उघड ते. लिही."

तिनं लॅपटॉप उघडला.

"आबांचा उजवा हात आता थरथरतो," ते म्हणाले. "ते बूट शिवत नाहीत."

तिची बोटं कळांवर होती आणि हलत नव्हती.

"लिही, बाळ. मला हातानं लिहिता आलं असतं तर तुला सांगितलं नसतं."

तिनं लिहिलं. पडद्यावर उत्तर आलं. सहायकानं 'स्वतः'चं ते वाक्य पानावरून काढलं होतं, बटणही काढलं होतं. मग त्यानं विचारलं, "आता पान उघडणाऱ्यानं काय करावं अशी तुमची इच्छा आहे?"

तिनं प्रश्न मोठ्यानं वाचला. आबा भिंतीवरच्या फळ्यांकडे बघत होते, एकेक जोडीवरून नजर पुढे नेत, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे.

"यांचे पाय माझ्याकडे राहिलेत," ते शेवटी म्हणाले. "उद्या दुसरा कुणी शिवेल यांना, तर त्याला फर्मा लागेल. नाहीतर पहिल्यापासून सगळं करावं लागेल त्याला. आपापले फर्मे घेऊन जा म्हणावं."

तिनं आता शिकल्याप्रमाणे एकेक विचारून लिहिलं. कुणासाठी? ज्यांचे फर्मे इथं आहेत त्यांच्यासाठी. वर काय? खुणांची नावं, जशी टाचेवर आहेत तशी. लोक कधी आले तर चालेल? कधीही.

"आणि काय नको, आबा?"

"'दुकान बंद' असं लिहू नको म्हणावं." ते थांबले. "माझा फोटो नको. आणि खाली दुःखाचं काही नको. येणाऱ्यानं हसत यावं."

पान झालं. खुणांची नावं, दुकानाचा पत्ता, आणि एक ओळ: 'आपले फर्मे घेऊन जावेत. पुढच्या कारागिराला त्यांचा उपयोग होईल.'

मुलानं ते ऑफिसात फोनवर वाचलं असणार. संध्याकाळी तो आला तो दारातच बूट न काढता उभा राहिला. मग आत जाऊन स्वतः चहा करून आणला. त्या दिवशी कप काठोकाठ भरलेला होता. त्यानं तो आबांपुढे धरला आणि खालून स्वतःचा तळहात लावून ठेवला. आबांनी तो लावू दिला.

फर्मे जायला लागले. मोठ्या शाळेच्या बाई आल्या, त्यांनी आपले फर्मे पदराखाली घेतले, तान्हं मूल नेतात तसे. बेकरीवाला आपला फर्मा उलटासुलटा करून म्हणाला, "माझा पाय इतका वाईट आहे होय? आणि मी जगभर मिरवला." जुळ्यांची आई गेली होती, तिचे फर्मे त्या जुळ्या मुली येऊन घेऊन गेल्या. उजवा कुणी ठेवायचा आणि डावा कुणी, हे त्यांचं दुकानातच ठरलं. प्रत्येक वेळी सून सहायकाला सांगायची, हे नाव काढ, आणि पानावरची जागा रिकामी व्हायची.

औषधांच्या दुकानातली मुलगीही आली. तिचा फर्मा आबांनी तोवर दुरुस्त करवून घेतला होता. बोट ठेवायचे आबा आणि हात चालवायची सून. "इथं. टाचेखाली पातळ चकती. नाही, त्याहून पातळ. हां." तिच्या हातून ती नीट बसली होती.

"याचं मी काय करू, काका?"

"ज्याच्याकडे जाल त्याला द्या. आणि सांगा, पाय बघू नको, हा बघ."

शेवटी एकच जोडी उरली, पोस्टमनची. तो गेले कित्येक दिवस फिरकला नव्हता. सुनेनं फोन केला तर म्हणाला, घाई काय आहे, लाकूड नासत नाही. पण एका दुपारी तो आला. नेहमीच्या खुर्चीत बसला. रिकाम्या फळ्यांकडे न बघता लॅपटॉपकडे बघितलं.

"ती पळणारी कुठं गेली रे, आबा?"

"पुढं गेली. आपल्यासाठी थांबते होय?"

पोस्टमन हसला, मग हसू ओसरू दिलं. "तिकडं नवा कुणी आहे म्हणे. हॉस्पिटलच्या मागं. मशीनवर माप घेतो."

"चांगलं घेत असेल. जा त्याच्याकडे."

"जाईन." तो पायांकडे बघत म्हणाला. "हे अजून चालतील की दोन वर्षं. तोवर मीच चालतोय की नाही, कुणास ठाऊक."

सुनेनं फर्मे कागदात गुंडाळून दिले. त्यानं ते काखेत मारले, दाराशी गेला आणि थांबला. आबा उठले होते. स्टूल बाजूला सारून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्या भिंतीवर आता बघायला काही नव्हतं, फळ्यांवर जुन्या जोड्यांच्या जागी फिकट डाग तेवढे होते.

"चाल," आबा म्हणाले.

पोस्टमन दारातून परत आत आला. दुकानाच्या त्या टोकापर्यंत गेला, वळला, आला, आणि मग न थांबता दाराबाहेर, पायऱ्यांवरून खाली, रस्त्यावर. एक पाऊल, दुसरं पाऊल. त्यात फरक करणं शक्य नव्हतं. सून दाराशी उभी होती, तिला तो कोपऱ्यापर्यंत दिसत होता. आबा भिंतीपाशीच होते. रस्त्याचा आवाज त्या पावलांवर चढला, तरी ते मान किंचित कलती करून ऐकत राहिले.

"झालं," ते म्हणाले.

सुनेनं पडद्यावरचं शेवटचं नाव काढायला सांगितलं. सहायकानं ते काढलं आणि विचारलं, आता पान उघडणाऱ्यानं काय करावं. तिनं आबांकडे पाहिलं. ते एप्रनची गाठ सोडत होते आणि ती सुटत नव्हती. ती उठली आणि त्यांच्या पाठीशी जाऊन तिनं ती सोडून दिली.